ऑक्सिमीटरवर ९८ होतं

डाइव्हनंतर एका पाहुण्याला बोटीवरच ऑक्सिजन द्यावा लागला, त्या दिवसाच्या नोंदींचं पान दोघांच्या अक्षरांत लिहिलेलं आहे. वरचा भाग माझ्या अक्षरात, खालचा माझ्या कॅरेन (ब्रह्मदेशातून अंदमानात येऊन वसलेल्या समाजातल्या) सहकाऱ्याच्या, आणि मधे वीस मिनिटांची कोरी जागा. ती कशी राहिली ते पुढे येईल. पान आता प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलंय. कामावर नवीन पोरं आली की पहिल्या आठवड्यात मी त्यांना ते वाचायला देतो. इथे लिहितोय तेही त्याच पानावरून, ज्यांच्यावर बेतलं त्या जोडप्याला विचारून आणि ओळख पटेल असं सगळं गाळून.

मी मालवणचा. हंगामात अंदमानात हॅवलॉकला डाइव्हमास्टर, म्हणजे पाहुण्यांना पाण्याखाली नेणारा वाटाड्या, म्हणून काम करतो. २०१८ मध्ये बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं, पण बोटीवर अजून हॅवलॉकच म्हणतात. मालवणात किल्ल्याजवळ आम्ही पर्यटकांना हाताला धरून चार-पाच मीटरवर वीस मिनिटं फिरवून आणतो. तिथे नायट्रोजनची भीती, म्हणजे खोलात अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे वर येताना बुडबुडे होऊन होणाऱ्या डीकम्प्रेशन सिकनेसची भीती, जवळजवळ नाहीच. भीती असते ती घाबरून श्वास रोखून वर सुटणाऱ्या माणसाची, कारण तेवढ्या उथळ पाण्यातही फुप्फुस फाटू शकतं. हॅवलॉकचं पाणी वेगळं. इथे लोक शिकून येतात, दिवसाला दोन-तीन डाइव्ह करतात, तीस मीटरपर्यंत उतरतात, आणि असं चार-चार दिवस चालतं.

सकाळ

फेब्रुवारी. ठाण्याचं जोडपं, दोघंही अॅडव्हान्स्ड सर्टिफिकेटवाले, दोघांचे मिळून शंभरेक डाइव्ह झालेले. तो ४४ वर्षांचा. त्यांचा डाइव्हिंगचा तो तिसरा दिवस होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्ट ब्लेअरहून विमान. ही विमानाची गोष्ट आम्हाला आधी कळायला हवी होती. सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यायचे असतात. त्यांचं गणित जेमतेम बसत होतं, म्हणून ते बोलले नव्हते.

डुंगी सहा वाजून गेल्यावर सुटली. डुंगी म्हणजे इथली लाकडी इंजिनबोट, तिचा आवाज जास्त आणि वेग कमी. समुद्र हलत होता. ठाण्याच्या दादांना वाटेत दोनदा उलटी झाली. मी पाण्याची बाटली दिली, त्यांनी दोन घोट घेऊन बाजूला ठेवली. आदल्या रात्री थोडी बिअर झाली होती, हेही नंतर कळलं.

पहिला डाइव्ह ८:४० ला. जास्तीत जास्त खोली २९ मीटर, एकूण ३६ मिनिटं. वर ६९ मिनिटं विश्रांती. दुसरा डाइव्ह १०:२५ ला, १८ मीटर, ४८ मिनिटं. दोन्ही साध्या हवेवर. मनगटावरच्या कॉम्प्युटरने एकदाही डीकोचा, म्हणजे वर येताना सक्तीने थांबण्याचा, इशारा दिला नाही, पण दुसऱ्या डाइव्हच्या शेवटी त्या इशाऱ्याला दोनच मिनिटं उरली होती. शेवटची दहा मिनिटं प्रवाह उलटा फिरला आणि दोघांनाही दोराकडे येताना जोरात पाय मारावे लागले. पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा त्यांनी पूर्ण केला. ११:१३ ला दोघं वर.

हे आकडे मुद्दाम देतोय. प्रकरण सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "काय चुकवलं त्यांनी?" फारसं काहीच चुकवलं नव्हतं. शिवाय बायकोचे आकडे अगदी हेच होते आणि तिला काही झालं नाही. कॉम्प्युटर एका काल्पनिक शरीराचा हिशोब मांडतो. आपल्या मनगटाच्या मालकाला सकाळी उलट्या झाल्या आहेत, हे त्याला कुठून कळणार?

दुसरा गट वर आला, नांगर उचलला, ११:५५ ला परत निघालो. त्याच्या पाच मिनिटं आधीची नोंद माझी आहे: "दादा गप्प. समोसा नको म्हणाले." लिहिली तेव्हा ती लक्षण म्हणून लिहिली नव्हती. प्रत्येक पाहुण्याने खाल्लं-प्यायलं का हे टिपायची मला सवय, एवढंच. अवाजवी थकवा हे डीकम्प्रेशन सिकनेसच्या पहिल्या लक्षणांपैकी एक, हे मला पाठ होतं. पण दोन डाइव्ह आणि उलट्यांनंतर थकलेला माणूस वाजवी थकलाय की अवाजवी, हे पुस्तकाने कुठे सांगितलंय?

१२:१० ला ते डावा खांदा चोळू लागले. विचारलं तर म्हणाले, "काल टाकी उचलताना लचकला असेल." वहिनी म्हणाल्या, पोटावर खाज येतेय म्हणत होता. मी टीशर्ट वर करून बघितला. त्वचेवर निळसर-लाल जाळी दिसल्यासारखी वाटली, पण ऊन आणि वेटसूटचे वळ यांत खात्री पटेना. १२:२५ ला त्यांनी स्वतःच डावा हात पुढे केला. "बोटांना मुंग्या येतायत रे." मी दोन्ही हातांनी माझी बोटं दाबायला सांगितली. उजव्याने दाबली तेव्हा माझ्या बोटांना कळ आली. डाव्या हाताची पकड लहान पोराने धरल्यासारखी.

१२:३१ ला ऑक्सिजन सुरू.

कोर्स

आधीच्या नोव्हेंबरमध्ये मी डाइव्हरना ऑक्सिजन द्यायचा कोर्स केला होता. एका दिवसाचं काम. पाण्यात उतरावंही लागत नाही, त्यामुळे बोटीचा तांडेल, स्वयंपाकी, ऑफिसात बसणारी मुलगी, कुणीही करू शकतं. माझ्या मते तांडेलाने करायलाच हवा, कारण अपघात होतो तेव्हा डाइव्हमास्टर बहुतेकदा पाण्यातच असतो. हे प्रशिक्षण घडवण्यात डाइव्हर्स अलर्ट नेटवर्कचा, म्हणजे डॅनचा, मोठा वाटा आहे. १९८० मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ही संस्था सुरू झाली. कल्पना त्याहून पुष्कळ जुनी. दाबातून बाहेर आलेल्या माणसाला शुद्ध ऑक्सिजन द्यावा, असं पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच मांडलं होतं.

आमच्या शिक्षिकेने सकाळचे दोन तास फक्त पेटी उघडून बंद करायला लावली. सिलिंडर, रेग्युलेटर, नळी, डिमांड व्हॉल्व्ह, मास्क. पहिल्यांदा जोडणीला मला चार मिनिटं लागली, संध्याकाळी सव्वा मिनिट. मधे तिची बोलणी. रेग्युलेटर लावण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून त्याच्या तोंडातली धूळ उडवायची. जोडणीत वॉशर एकच. जुना अडकलेला न काढता नवा घातला की गळती ठरलेली. मग व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा, कारण ऑक्सिजन एकदम दाबला गेला तर तापतो, आणि आत तेलाचा अंश असेल तर पेट घेतो. हे ऐकल्यावर मी स्वतःच्या हातांकडे बघितलं. सनस्क्रीन, डोक्याचं खोबरेल, इंजिनाचं डिझेल. बोटीवर कोरडे, स्वच्छ हात कोणाचेच नसतात. तेव्हापासून पेटीत साबणाची वडी आणि सुती फडकं असतं.

सरावाचा एक किस्सा. बोटीवरच्या पोराला मी ओरडून सांगितलं, "ऑक्सिजन लाओ!" तो पळत गेला आणि स्कूबाची टाकी उचलून घेऊन आला. त्याची काय चूक? आपल्याकडच्या बातम्यांतही पाणबुडे "पाठीला ऑक्सिजनचा सिलिंडर बांधून" उतरतात. पाठीवर असते ती साधी हवा, आपण सगळे घेतो तीच, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळपास सगळा नायट्रोजन. ज्याच्या अंगात नायट्रोजन जास्त झालाय त्यालाच तो आणखी पाजायला निघाल्यासारखं. ऑक्सिजनची पेटी हिरवी, म्हणून त्या दिवसापासून आम्ही "हरी पेटी लाओ" म्हणतो.

दुसरा गैरसमज आम्हा शिकलेल्यांचा. डाइव्हिंग शिकताना डोक्यात भरवलेलं असतं की ऑक्सिजनचा दाब १.४ ते १.६ बारच्या वर गेला की झटके येऊ शकतात. ते खरं, पण पाण्याखाली. बोटीवर बसलेल्या माणसाला शंभर टक्के ऑक्सिजन दिला तरी तो दाब एक बारच्या वर जाऊच शकत नाही, कारण तिथल्या हवेचा दाबच साधारण एक बार. तरी पाच-सहा हंगाम काढलेले लोकसुद्धा हात आखडता घेतात, "थोडाच देऊया" म्हणतात.

अठ्ठ्याण्णव

बोटीवर आणखी चार पाहुणे होते. त्यांत नागपूरचे एक डॉक्टर, साठीच्या आसपासचे, शांत गृहस्थ. मी मास्क लावत होतो तेवढ्यात ते पुढे आले, पिशवीतून बोटाला लावायचं ऑक्सिमीटर काढलं आणि दादांच्या उजव्या बोटाला लावलं.

"अठ्ठ्याण्णव आहे," ते म्हणाले. "नाडी ब्याण्णव. अरे, याला ऑक्सिजनची गरजच नाही. फार तर नाकातली नळी लाव, दोन लिटर. उगाच जास्त देऊ नये."

त्यांचं चुकीचं म्हणता येणार नाही. कोविडनंतर आपल्या घराघरांत तो आकडा पोचलाय: ९४ च्या वर म्हणजे ठीक, खाली म्हणजे धावपळ. रुग्णालयात ऑक्सिजन देतात तो रक्तात कमी पडलाय म्हणून, आणि जास्त झाला तर काही आजारांत नुकसानही होतं. डॉक्टर आयुष्यभर जे करत आले तेच सांगत होते. मी सव्वीस वर्षांचा, अर्ध्या चड्डीतला, माझ्याकडे एका दिवसाच्या कोर्सचं कार्ड. बोटीवरची सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती.

पण दादांच्या रक्तात ऑक्सिजन कमी पडलाच नव्हता. खोलात दाबाखाली हवा घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळत जातो. वर येताना तो पुरेशा सवडीने बाहेर पडला तर ठीक, नाहीतर गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर होतं तसं होतं, बुडबुडे जिथल्या तिथे सुटतात. सांध्यात सुटले तर दुखतं, मज्जारज्जूत सुटले तर हातपाय जातात. इथे शुद्ध ऑक्सिजन द्यायचा तो नायट्रोजनला वाट करून देण्यासाठी. समोर रिकामी एसटी लागली की खच्चून भरलेल्या गाडीतली माणसं उतरून तिकडे पळतात, तसं फुप्फुसात नायट्रोजन नाहीच म्हटल्यावर रक्तातला नायट्रोजन तिकडे निघतो, आणि बुडबुड्यांतला रक्तात. शिवाय बुडबुड्यांनी रक्त अडवलेल्या भागाला जादा ऑक्सिजन पोचतो, तोही फायदाच. नाकातल्या नळीने दोन लिटर दिले तर माणसाला जेमतेम २८ टक्के ऑक्सिजन मिळतो. उरलेल्यात नायट्रोजनच. म्हणजे समोरची एसटीही भरलेलीच.

हे सगळं मला तेव्हा असं सांगता आलं नाही. मी एवढंच म्हणालो, "सर, हा कमी पडलाय म्हणून नाही देत. नायट्रोजन काढायला देतोय. शंभर टक्केच द्यावा लागतो, आकडा काहीही असो." आवाज थरथरत होता. डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, ऑक्सिमीटर बोटावरून काढून खिशात टाकलं आणि म्हणाले, "मग मी काय करू ते सांग."

माझ्या मनात तो दिवस या वाक्याने जास्त राहिलाय. मी त्यांना सांगितलं, नसांची तपासणी तुम्ही करा, तुम्हाला माझ्याहून चांगली येते. त्यांनी केली: डोळ्यांची हालचाल, चेहऱ्याची दोन्ही बाजू, जीभ, चारही हातापायांची ताकद, कापसाचा स्पर्श कुठे कळतो आणि कुठे नाही. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर, पकड कमी, बाकी ठीक. डोळे मिटून उभं करायची तपासणी हलत्या बोटीवर निरर्थक, ती सोडली. वेळ १२:४०, पानावर लिहिली.

दादांना आडवं सपाट झोपवलं, सावलीत. डोकं खाली, पाय वर अशी जुनी पद्धत आता कोणी सांगत नाही. तांडेलाला बिडी विझवायला लावली. इंजिनाचा धूर मागे जात होता, म्हणून पेटी पुढच्या टोकाला नेली. दादांना दाढी होती आणि मास्क कडेने सुटत होता. मग मास्क त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताने दाबून धरला आणि डिमांड व्हॉल्व्हचा तो फुस्स-फुस्स आवाज नीट लागला. आवाज येतोय म्हणजे माणूस सिलिंडरमधूनच श्वास घेतोय.

लिटर आणि मिनिटं

आता माझी चूक. सिलिंडर बी-टाइप, काळा, पांढऱ्या खांद्याचा. आत पाणी भरलं तर दहा लिटर मावेल, १५० बारला ऑक्सिजन साधारण १५०० लिटर. हिशोब सोपा: एक बार म्हणजे दहा लिटर. मीटरवर होते ११० बार. जानेवारीत एकदा वापरला होता आणि भरायला पाठवायचा राहिला होता. आमचे सिलिंडर भरायला बोटीने पोर्ट ब्लेअरला जातात, त्यामुळे "पुढच्या फेरीत पाठवू" असं होत राहतं. रोज सकाळच्या यादीवर "ऑक्सिजन: आहे" अशी टिक होती. सही माझी. सिलिंडर होताच, खोटं काही नव्हतं. किती आहे हा रकानाच यादीत नव्हता.

म्हणजे हाताशी ११०० लिटर. पिशवीवाला मास्क लावून १५ लिटरवर ठेवला असता तर ७३ मिनिटं, म्हणजे पावणेदोनच्या आत सगळं संपलं असतं. आम्ही किनाऱ्याला लागणार सव्वाला. कॅटमरान, म्हणजे पोर्ट ब्लेअरला जाणारी प्रवासी बोट, सव्वादोनची, तिला दीड तास. पुढे अॅम्ब्युलन्स. पोर्ट ब्लेअरच्या नौदलाच्या रुग्णालयात रीकम्प्रेशन चेंबर, म्हणजे रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवायची बंद खोली, आहे, तिथे पोचायला चार वाजून पाच मिनिटं. मी पानाच्या कोपऱ्यात मांडलेलं गणित अजून तिथेच आहे: एकूण २१४ मिनिटं, गुणिले १५, बरोबर ३२१०. किनाऱ्यावरच्या गोदामात दुसरा बी-टाइप भरलेला होता. दोन्ही मिळून २६०० लिटर. पुरत नाही.

डिमांड व्हॉल्व्हचा उपयोग इथे कळतो. तो माणूस श्वास घेईल तेव्हाच सोडतो, बाहेर फुकट वाहू देत नाही. पण नक्की किती लागतो ते माणसागणिक बदलतं, म्हणून अंदाजावर न जाता मी वीस मिनिटांनी मीटर पुन्हा बघितला. १२:५१ ला ९२ बार. अठरा बार गेले, म्हणजे १८० लिटर, म्हणजे मिनिटाला नऊ. २१४ गुणिले ९, साधारण १९२६. पुरतं, वर सहाएकशे लिटर उरतात. एवढ्या मोठ्या आवाजात मी आयुष्यात गुणाकार केला नसेन.

बेटाजवळ येईपर्यंत फोनला रेंज नव्हती. एक वाजता दोन कांड्या दिसल्या. ऑफिसला तीनच गोष्टी सांगितल्या: दुसरा सिलिंडर जेट्टीवर, कॅटमरानवर चार जागा, आणि डॅनच्या हेल्पलाइनला फोन लावून ठेवा.

बाटलीचं झाकण

एकच्या सुमारास दादांचा खांदा दुखायचा थांबला. आधी दहापैकी सहा म्हणत होते, आता दोन. मुंग्या गेल्या. १:०५ ला त्यांनी मास्क काढून बाजूला ठेवला आणि उठून बसले.

"बरं वाटतंय. खरंच. लचकलाच असेल. उद्या फ्लाइट आहे बाबा, उगाच चेंबर-बिंबर नको."

पानावरची कोरी जागा ती हीच. पुढची वीस मिनिटं सगळे बोलत होते आणि कोणी लिहीत नव्हतं.

ऑक्सिजनचा हा गुण असा की तो काम करतो, आणि काम केलं की रुग्णालाच तो नकोसा होतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॅनकडे नोंदलेल्या २,२३१ अपघातांची छाननी आहे. ज्यांना ऑक्सिजन मिळाला त्यांच्यापैकी १४ टक्के लोकांची लक्षणं चेंबरमध्ये जाण्याआधी नुसत्या ऑक्सिजनने पूर्ण गेली, ५१ टक्क्यांना आराम पडला. त्याच अभ्यासात लक्षण दिसल्यापासून ऑक्सिजन मिळेपर्यंतचा मध्यक वेळ २.२ तास आहे आणि निम्म्याहून अधिक लोकांना तो मिळालाच नव्हता. म्हणजे आमची ४१ मिनिटं त्या मानाने बरी. पण आराम पडला म्हणजे बुडबुडे संपले असं नाही. मास्क काढल्यावर लक्षणं परत येऊ शकतात, कधी आधीपेक्षा वाईट. आणि विमानात तर बाहेरचा दाबच कमी.

हे सगळं मी त्यांना सांगायला लागलो. ते मान हलवत राहिले. ऐकत नव्हते. मग मी पाण्याची सीलबंद बाटली त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "दादा, पाणी प्या. झाकण डाव्या हाताने उघडा."

त्यांनी बाटली उजव्या हातात धरली आणि डाव्या हाताने झाकण फिरवायला लागले. बोटं झाकणावरून घसरत होती. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी हसायचा प्रयत्न केला. वहिनी बघत होत्या. त्यांनी बाटली काढून घेतली, झाकण उघडून परत दिली, मास्क उचलून त्यांच्या तोंडावर ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फ्लाइट मी कॅन्सल करते. तू पुढचं बघ."

मास्क सुमारे आठ मिनिटं बाहेर होता. सुमारे, कारण लिहिलेलं नाही. हेल्पलाइनवरच्या डॉक्टरांनी नेमका तोच प्रश्न विचारला: ऑक्सिजन कधी सुरू केला, मधे किती वेळ बंद होता, त्या वेळात काय बदललं? मी "साधारण" म्हटलं तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता होती.

जेट्टी ते चेंबर

यापुढचं लवकर सांगतो, कारण बरंचसं सुरळीत झालं. बेटावरच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर जेट्टीवर आले, सलाईन लावलं, चिठ्ठी दिली. कॅटमरानवर सिलिंडर न्यायला आधी नाही म्हणाले, ते समजण्यासारखं. कप्तान खाली येऊन बघून गेला आणि मागच्या उघड्या डेकवर जागा मिळाली. जेट्टीवर मीटर ७८ बार होता. बोट सुटल्यावर पाचेक मिनिटांनी तो वीसवर आला तेव्हा मी रेग्युलेटर काढून दुसऱ्या सिलिंडरला लावला. जुना वॉशर आतच अडकला होता. नखाने काढला. पन्नास सेकंद लागली, त्याची नोंद आहे, सहकाऱ्याने घड्याळ धरलं होतं. तो मायाबंदरकडचा कॅरेन, बोलतो कमी आणि लिहितो सुंदर.

वाटेत दर दहा मिनिटांनी मीटर, दर पंधरा मिनिटांनी पकड. दादा एकदा लघवीला जाऊन आले, तेही लिहिलं. मज्जारज्जूला मार बसला तर लघवी अडकते, म्हणून डॉक्टर हे विचारतात. वहिनींचीही तपासणी चालू ठेवली, त्या तेच डाइव्ह करून आल्या होत्या. काही निघालं नाही.

रुग्णालयात पोचलो तेव्हा दुसऱ्या सिलिंडरमध्ये ५६ बार होते. दादांना चेंबरमध्ये घेतलं. १८ मीटर खोलीएवढा दाब, ऑक्सिजन, मधे मधे पाच मिनिटं हवा, मग हळूहळू वर. उपचाराच्या त्या ठरलेल्या तक्त्याला एकूण पावणेपाच तास लागतात. बाहेर आले तेव्हा रात्र झाली होती. पकड जवळजवळ परत आली होती, करंगळी तेवढी बधिर. दुसऱ्या दिवशी आणखी एक, लहान फेरी झाली. त्यानंतर करंगळीलाही स्पर्श कळायला लागला. विमान त्यांनी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच पकडलं. त्या आठवड्यात दोघांनी पोर्ट ब्लेअरची सगळी संग्रहालयं बघून टाकली.

नागपूरचे डॉक्टर जाण्याआधी आमच्या ऑफिसात आले होते. हरी पेटी उघडून बसले आणि अर्धा तास प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारत होते. शेवटी म्हणाले, "तुझ्या त्या यादीत दाबाचा रकाना घाल." तो मी आदल्या रात्रीच घातला होता. "ऑक्सिजन: ___ बार". त्याच्या खाली दुसरा: "जागेपासून चेंबरपर्यंत: ___ मिनिटं". दोघांचा हिशोब जमला नाही तर बोट लांबच्या, खोल जागेला जात नाही.

आणि तो जमत नव्हता. दोन्ही सिलिंडर भरायला गेले होते, परत यायला गुरुवार उजाडला. मधले तीन दिवस आम्ही लांबच्या, खोल जागा बंद ठेवल्या आणि जेट्टीपासून पंधरा मिनिटांवर बारा मीटरला डाइव्ह केले. दोन पाहुणे चिडले. त्यांना मोठे मासे बघायचे होते. पैसे परत घेऊन शेजारच्या सेंटरला गेले.